वाचकांचे प्रश्न: विश्वचषकासाठी मेक्सिको सिटीला येताना

येत्या ११ जूनला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर फुटबॉल विश्वचषकाचा पहिला सामना आहे, मेक्सिको विरुद्ध दक्षिण आफ्रिका. या शहराबद्दल काही विचारायचं असेल तर पत्र पाठवा, असं मागच्या अंकात आवाहन केलं होतं आणि उत्तरं देण्याचं काम माझ्याकडे आलं. मी मूळची कोल्हापूरची, शिवाजी पेठेतली. लग्नानंतर इथे आले आणि कोयोआकान भागात संसार थाटला. पत्रं बरीच आली. ज्या प्रश्नांवर मनापासून सांगण्यासारखं आहे, ते आधी घेतलेत. हॉटेलांच्या दरांबद्दलची पत्रं बाजूला ठेवली, कारण ते दर रोज बदलताहेत.

ताई, आम्ही मंगळवार पेठेतले तिघं मित्र. १७ जूनच्या उझबेकिस्तान–कोलंबिया सामन्याची तिकिटं लागलीत. दोघांकडे अमेरिकेचा व्हिसा आहे, एकाकडे कुठलाच नाही. मेक्सिकोचा वेगळा काढावा लागतो का? सामन्याचं तिकीट दाखवलं तर सोडतात का?
– एक वाचक, कोल्हापूर

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, सोडत नाहीत. सामन्याचं तिकीट म्हणजे व्हिसा नव्हे. याच एका समजुतीपायी मुंबई विमानतळावरूनच माघारी फिरायची वेळ येऊ शकते.

आता पहिला प्रश्न. भारतीय पासपोर्टला मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल, तर पर्यटक म्हणून वेगळा मेक्सिकन व्हिसा लागत नाही. म्हणजे तुमच्यातले दोघं त्या जोरावर येऊ शकतात. फक्त एक पाहा: तो व्हिसा अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना? इथून परत अमेरिकेत शिरायचं असेल तर ते फार महत्त्वाचं आहे. आणि निघायच्या आठवड्यात दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा एकदा वाचा.

तिसऱ्या मित्राने आजच्या आज मेक्सिकन दूतावासाकडे भेटीची वेळ मागायची. उद्यावर ढकलू नका. त्याचं विमान अमेरिकेमार्गे असेल, तर तिथे दोन तासच थांबायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. म्हणून त्याला दुसऱ्या वाटेचं तिकीट काढावं लागेल. शहराला विमानतळ दोन आहेत, तेही बघून घ्या. बेनितो हुआरेझ शहरातच आहे. २०२२ साली सुरू झालेला फेलिपे आंखेलेस मात्र उत्तरेला बराच लांब आहे. तिकीट स्वस्त दिसलं की ते कुठे उतरवतं, हे आधी तपासायचं.

तुम्ही पेठेतले, म्हणून एक जास्तीचं सांगते. इथे कुठल्याही दुकानदाराने तुम्हाला विचारलं, "तुमचा क्लब कुठला?" तर गप्प बसू नका. आपल्याकडे कोल्हापुरात संघ पाटाकडील की शिवाजी, हे जसं घराघरात ठरलेलं असतं, तसंच इथे क्लब अमेरिका, क्रुझ आझुल की पुमास हे जन्मापासून ठरलेलं असतं. शाहू स्टेडियमचं सांगा, पेठांच्या तालमींचं सांगा. भारतात एक गाव फुटबॉलवर जीव टाकतं, हे इथे कुणाला माहीत नाही. ते ऐकून माणूस खुर्ची पुढे ओढतो. मी पाहिलंय.

काकू, माझ्यासोबत आई येतेय. वय ७०, रक्तदाबाची गोळी चालू, गुडघे कुरकुरतात. तिथली हवा विरळ असते म्हणे. तिला त्रास होईल का?
– एक वाचक, पुणे

डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईंना आणू नका. विचारताना आकडा सांगा: मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २,२४० मीटरवर आहे. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे हे सगळं शहर त्याच्याही सुमारे सहाशे मीटर वर वसलंय. श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या जेमतेम तीन-चतुर्थांश.

ठणठणीत माणसालाही पहिले दोन दिवस डोकं जड वाटतं, झोप तुटते, जिना चढताना धाप लागते. म्हणून सामन्याच्या आदल्या रात्री उतरू नका. निदान तीन दिवस आधी या. पहिल्या दिवशी हलकं जेवण, भरपूर पाणी, दारू नाही आणि चढण नाही. नळाचं पाणी पिऊ नका, इथले लोकही पीत नाहीत. घरोघरी मोठे बाटले येतात. अझ्टेकाचे वरचे सज्जे फार उभट आहेत. आईंचं आसन कुठे आहे ते आजच बघा. वर असेल तर पायऱ्या चढायला अर्धा तास हाताशी ठेवा आणि मधे दोनदा बसू द्या.

जूनमध्ये पाऊस असतो, पण आपल्यासारखी दिवसभराची झड नाही. सकाळ लख्ख असते आणि ऊन कातडी भाजतं, कारण उंचीवरचं ऊन आहे. मग दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासाभरात रस्ते वाहायला लागतात, कधी गाराही पडतात. त्यानंतर एकदम गारठा. टोपी, स्वेटर आणि अंगावर घालायचा रेनकोट, तिन्ही एकाच पिशवीत. छत्री मैदानात नेऊ देत नाहीत.

आम्ही ठाण्याचे. लोकलची सवय आहे, त्यामुळे टॅक्सीवर पैसे घालवायचे नाहीत. मैदानापर्यंत मेट्रो जाते का?
– एक वाचक, ठाणे

जाते, आणि लोकलची सवय असलेल्या माणसाला ही मेट्रो आवडेल. तिकीट ५ पेसो, कितीही लांब जा. पहिल्याच दिवशी स्थानकावरून प्रवासाचं कार्ड घ्या आणि त्यात पैसे भरून ठेवा. मेट्रोची निळी दोन नंबरची लाइन पकडायची, शेवटच्या तास्केन्या स्थानकावर उतरायचं. तिथून त्रेन लिखेरो नावाची छोटी गाडी सुटते, ती सोचिमिल्कोपर्यंत जाते आणि वाटेत मैदानाच्या दारातच थांबते. सामन्याच्या दिवशी बंदोबस्तामुळे वाटा बदलतात, म्हणून निघण्याआधी सकाळच्या सूचना वाचा. सामना सुरू होण्याच्या चार तास आधी घर सोडा. मी हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

गर्दीच्या वेळी गाडीचे पुढचे डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात. फलाटावर कठडे लावून पोलीस उभे असतात. तुमच्यासोबत घरच्या बायका असतील तर त्यांना सरळ तिथेच जायला सांगा आणि उतरल्यावर भेटायची जागा आधी ठरवा.

प्रत्येक स्थानकाला नावाबरोबर एक चित्रही आहे. चापुल्तेपेकला नाकतोडा, कोयोआकानला कोल्ह्यासारखा कोयोटे. सुरुवातीच्या लाइनींची चित्रं लान्स वायमन या ग्राफिक डिझायनरच्या हाताखाली तयार झाली. त्याने १९६८च्या इथल्या ऑलिंपिकचीही चिन्हं केली होती. स्पॅनिश वाचता येत नसलेल्या माणसाला चित्र लक्षात ठेवून फिरता येतं. माझ्या सासूबाई भारतातून आल्या होत्या, तेव्हा त्या चित्रांवरच एकट्या बाजारात जाऊन यायच्या.

आणि याच निळ्या लाइनवर पिनो सुआरेझ स्थानकात उतराच. गाडी बदलायच्या बोगद्यात लोक धावत असतात, आणि त्या वाटेच्या मधोमध, उघड्या आकाशाखाली, एक छोटं गोल देऊळ उभं आहे. वाऱ्याचा देव एहेकात्ल, त्याची ही वेदी. मेट्रोसाठी खणताना सापडली आणि जिथे होती तिथेच ठेवली. दगड काळसर, पायऱ्या झिजलेल्या, कडेला पावसाळ्यात गवत उगवलेलं. कठड्याला टेकून शाळकरी पोरं चिप्स खात असतात. अझ्टेक लोकांची राजधानी तेनोच्तित्लान या शहराच्या पोटात आहे, हे पुस्तकात वाचून कळत नाही. तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की कळतं. सामन्याला उशीर होईल म्हणून हे चुकवू नका. जाताना नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम या.

आमच्या घरात अंडंही चालत नाही. मेक्सिकोत मांसाशिवाय काही मिळत नाही असं ऐकलं. थेपले-खाकरे किती दिवसांचे आणू?
– एक वाचक, नाशिक

दोन दिवसांचे आणा, प्रवासापुरते. त्यापुढचं माझ्यावर सोडा. ज्यांनी "तिथे काही मिळत नाही" असं सांगितलं, ते बाजारात गेलेच नसणार. मका, राजमा, भोपळा, मिरची, टोमॅटो, अवाकादो हे सगळं मेक्सिकोच्या मातीतलं. गरिबाचं रोजचं जेवण मका आणि राजमा हेच आहे, मांस वरून येतं.

अडचण दुसरीच आहे. इथे "मांस नको" म्हटलं की समोरचा गाय-डुक्कर वगळतो. कोंबडी त्याच्या हिशेबात मांसात येतेच असं नाही. म्हणून नुसतं "शाकाहारी" म्हणून थांबू नका, एकेक नाव घ्या: "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन खामोन". मांस नाही, कोंबडी नाही, मासे नाहीत, हॅम नाही. अंड्यासाठी "सिन उएवो". आता तीन छुप्या जागा. घोटलेला राजमा बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, तिला मान्तेका म्हणतात. तामाल नावाचे वाफवलेले मक्याचे गोळे असतात, त्यांच्या पिठातही तीच असते. आणि खानावळीतला लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. "येवा मान्तेका?" आणि "येवा काल्दो दे पोयो?" हे दोन प्रश्न पाठ करा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही. उलट बाई आतून भांडं आणून दाखवते.

आता खायचं काय? त्लाकोयो. माझ्या घराजवळच्या बाजाराच्या दाराशी एक आजी बसतात, पुढ्यात कोळशावरचा मोठा तवा. निळ्या मक्याचं पीठ, अगदी गर्द निळं-काळं, हातावर थापतात, मधे वाटलेला राजमा किंवा बाकल्याचं सारण भरतात आणि दोन टोकांना निमुळता आकार देऊन तव्यावर टाकतात. तेलाचा थेंब नाही. कडेला काळे डाग पडले की उचलतात, वर निवडुंगाच्या पानांची कोशिंबीर, कांदा, कोथिंबीर आणि हिरवी चटणी. चीज नको असेल तर आधी सांगायचं. ते पीठ चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याचं असतं. ही युक्ती इथल्या बायकांना हजारो वर्षांपासून ठाऊक आहे; त्याने मक्याचं साल सुटतं आणि अंगाला लागणारं सत्त्व मोकळं होतं. एक जपा: सारणात चिचारोन नावाचा एक प्रकार असतो, तो डुकराचा. बोट दाखवून "फ्रिखोल" किंवा "आबा" म्हणा, म्हणजे राजमा किंवा बाकला.

भोपळ्याच्या फुलांची केसादिया (सारण घालून दुमडलेली मक्याची पोळी), मक्यावर वाढणाऱ्या काळ्या बुरशीची भाजी उइत्लाकोचे (तोंड वाकडं करू नका, अळंबीसारखी चविष्ट असते), मिरची-लिंबू लावलेला आंबा, लाल अंबाडीच्या बोंडांचं थंड सरबत. उकडलेले मक्याचे दाणे कपात मिळतात, त्यांना एस्कितेस म्हणतात. त्यात मेयोनीज घालतात आणि त्यात अंडं असतं, म्हणून तुम्ही नुसतं लिंबू-मीठ-तिखट मागा. दुपारचं जेवण इथे दोन ते चारच्या दरम्यान होतं. बारा वाजता खानावळीत गेलात तर चूलही पेटलेली नसते.

मी २३ वर्षांची आहे, अमेरिकेत शिकते. मैत्रिणीबरोबर दोघीच येतोय. घरचे नको म्हणतात. काकू, खरं काय ते सांगा.
– एक वाचक, मूळ सातारा

घरच्यांची काळजी खोटी नाही. या देशात गुन्हेगारी टोळ्यांचा हिंसाचार आहे आणि बायकांवरच्या अत्याचारांविरुद्ध दर वर्षी ८ मार्चला या शहरात हजारो मुली-बायका जांभळे कपडे घालून रस्त्यावर उतरतात. मीही माझ्या लेकीबरोबर गेले आहे. तुला खोटा दिलासा देणार नाही.

पण या शहरात लाखो मुली रोज कॉलेजला जातात, कामाला जातात, रात्री घरी येतात. त्या जे करतात तेच तू कर. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवू नकोस. ॲपवरून बोलाव, गाडीचा नंबर जुळव, मैत्रिणीला प्रवास पाठव. विमानतळावर आतल्या खिडकीवरून अधिकृत टॅक्सी घे. मेट्रोत मोबाइल हातात नको आणि पाठीवरची पिशवी पोटावर. पैसे काढायचे तर दिवसा, बँकेच्या आतल्या मशीनवरून. सामन्याचं तिकीट फिफाच्या अधिकृत मंचावरूनच घे. दाराशी कुणी विकत असेल तर त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस. पबमध्ये स्वतःचा ग्लास टेबलावर सोडून उठू नकोस. कोयोआकान, रोमा, कोंदेसा, नार्वार्ते इथे राहायची जागा बघ. अनोळखी वस्तीत "फोटो छान येतील" म्हणून शिरू नकोस.

या, मुलींनो. कोयोआकानला आलात की चित्रकार फ्रिदा काहलोचं निळं घर बघा, तिकीट आधीच ऑनलाइन काढा, तिथे रांगेत उभं राहून मिळत नाही.

आम्ही किल्लारीचा भूकंप पाहिलेली माणसं. मेक्सिकोत भूकंप होतात. धास्ती वाटते.
– एक वाचक, लातूर

३० सप्टेंबर १९९३ची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना मी काय समजावणार? फक्त इथली व्यवस्था सांगते. १९ सप्टेंबर १९८५च्या भूकंपात या शहरात हजारो माणसं गेली. शहराचा मधला भाग जुन्या तळ्याच्या गाळावर उभा आहे आणि गाळ लाटेला आणखी हलवतो. त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांत इथे विश्वचषक भरला. अझ्टेका मैदान दक्षिणेला, जुन्या ज्वालामुखीच्या घट्ट लाव्ह्यावर आहे.

आज समुद्रकाठी भूकंप झाला की लाट इथे पोहोचायच्या आत खांबांवरचे भोंगे वाजतात. काही सेकंद मिळतात, कधी मिनिटभर. भोंगा वाजला की लिफ्ट नाही, धावाधाव नाही. तळमजल्यावर असाल तर बाहेर, वर असाल तर खांबाजवळ. रस्त्यावर हिरव्या पाट्या आहेत, त्या एकत्र जमायच्या जागा. हॉटेलात पोहोचल्याबरोबर दाराची वाट एकदा चालून बघा, म्हणजे रात्री झोप लागेल.

मडगावहून लिहितोय. घरात तिघंही फुटबॉलवेडे, मुलगा १२ वर्षांचा. तिकीट मिळालं नाही. परवडेल तेवढ्या पैशात यायचं ठरवलं होतं. आता रद्द करू का?
– एक वाचक, गोवा

रद्द करू नका. ज्या पत्राचं उत्तर मला सगळ्यात आधी द्यावंसं वाटलं, ते हेच.

मैदानात ऐंशी हजारांवर माणसं मावतात आणि शहरपरिसरात दोन कोटींवर राहतात. मग विश्वचषक बघतात कुठे? चांभाराच्या दुकानात, तोर्तियाच्या, म्हणजे मक्याच्या पोळ्यांच्या, गिरणीत, बाजारात कोथिंबिरीच्या ढिगाऱ्यामागे ठेवलेल्या छोट्या टीव्हीवर. सोकालो या मुख्य चौकात मोठा पडदा लागणार आहे, प्रवेश फुकट. मात्र गर्दी झाली की सोकालोचं मेट्रो स्थानक बंद ठेवतात. अलीकडे आयेंदे किंवा बेयास आर्तेसला उतरून चालत जायचं. मुलाचा हात सोडू नका आणि खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

तारखा अशा आहेत. मेक्सिकोचे गटातले दोन सामने इथे, ११ आणि २४ जूनला. मधला, १८ जूनचा दक्षिण कोरियाशी सामना ग्वादालाहाराला आहे. तुम्ही १८लाच इथे असा. त्या दिवशी या शहरात कुणाकडेच तिकीट नाही, सगळं शहर टीव्हीसमोर असेल. तुम्ही आणि शेजारचा वकील आणि टपरीवाला, सगळे एकाच रांगेत.

कोरियाचं नाव आलं म्हणून सांगते. २०१८च्या विश्वचषकात २७ जूनला मेक्सिको स्वीडनकडून ३–० हरला. सगळं संपलं असं वाटत होतं. तेवढ्यात दुसऱ्या मैदानावर दक्षिण कोरियाने जर्मनीला २–० हरवलं आणि त्यामुळे मेक्सिको पुढच्या फेरीत गेला. लोक उठले आणि थेट कोरियाच्या दूतावासावर गेले. तिथल्या अधिकाऱ्याला बाहेर काढून खांद्यावर घेतलं. "कोरियन भावा, तू आता मेक्सिकनच!" अशी घोषणा शहरभर झाली. आमच्या गल्लीत एक कोरियन कुटुंब किराणा दुकान चालवायचं. त्यांच्या दाराशी त्या दिवशी शेजाऱ्यांनी केक आणि फुलं नेऊन ठेवली. ती काकू रडत होती. आता त्याच दोघांचा सामना आहे.

मुलाला मैदान बाहेरून तरी दाखवा. २९ मे १९६६ला ते सुरू झालं. आराखडा पेद्रो रामिरेझ वास्केझ आणि राफाएल मिखारेस यांचा. रामिरेझ वास्केझ यांनीच मानववंशशास्त्राचं राष्ट्रीय संग्रहालयही उभारलं, तेही दाखवा. तीन विश्वचषकांचे सामने पाहणारं जगातलं हे पहिलं मैदान: १९७०, १९८६ आणि आता २०२६. पेलेचा ब्राझील २१ जून १९७०ला इटलीला ४–१ हरवून इथेच जिंकला. २२ जून १९८६ला १ लाख १४ हजार लोकांसमोर माराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल आणि चार मिनिटांनी निम्मं मैदान पळत जाऊन केलेला दुसरा, दोन्ही इथले. पण इथल्या माणसाला विचारलंत तर तो आधी मानुएल नेग्रेतेचं नाव घेईल. १५ जून १९८६, बल्गेरियाविरुद्ध, जमिनीला समांतर होत हवेत मारलेली कात्री. त्या गोलाच्या नावाने मैदानावर पाटी बसवलेली आहे.

एक विनंती. प्रतिस्पर्धी गोलरक्षक चेंडू लांब मारतो तेव्हा इथले काही प्रेक्षक एक घाणेरडी शिवी एका सुरात ओरडतात. समलिंगी माणसांना हिणवणारी ती शिवी आहे. त्यापायी मेक्सिकोच्या संघटनेला वारंवार दंड झालेत. मुलगा विचारेल, "बाबा, काय ओरडताहेत?" तर त्याला खरं सांगा आणि गप्प राहायला शिकवा. इथले खूप लोक त्या वेळी मुद्दाम गप्प राहतात.

आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत होते. त्यांची काही खूण बघायला मिळेल का?
– एक वाचक, वर्धा

मिळेल. आणि मराठी माणूस इतक्या लांब येऊन ती न बघता परत जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून सविस्तर लिहिते.

खानखोजे इंग्रजांविरुद्ध लढण्यासाठी तरुणपणीच देशाबाहेर पडले, अमेरिकेत गदर चळवळीच्या उभारणीत होते, पहिल्या महायुद्धात इराणात लढले आणि १९२०च्या दशकात मेक्सिकोत आले. शिक्षण शेतीचं होतं. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. इथे क्रांती होऊन फार वर्षं झाली नव्हती, जमीन कसणाऱ्याला मिळावी हा प्रश्न धगधगत होता, आणि वर्ध्याहून आलेला हा माणूस त्या प्रश्नात मातीत हात घालून उतरला. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले. १९६७मध्ये नागपूरला त्यांचं निधन झालं.

त्यांचे मित्र होते चित्रकार दिएगो रिवेरा. सोकालोपासून चालत पाच-सात मिनिटांवर शिक्षण मंत्रालयाची जुनी इमारत आहे. तिच्या चौकांभोवतीच्या भिंती रिवेराने १९२३ ते १९२८ या काळात रंगवल्या. सगळ्यात वरच्या मजल्यावर जा. तिथे "आमची रोजची भाकरी" या अर्थाचं नाव असलेलं एक चित्र आहे. टेबलाभोवती कामकरी बायका-माणसं आणि मुलं बसलीत, आणि मध्यभागी भाकरी मोडून देणारा माणूस आहे. ते खानखोजे. सावळा चेहरा, हात पुढे आलेले, नजर खाली भाकरीकडे. रिवेराने त्यांना मेजवानीच्या यजमानाच्या जागी बसवलंय. शेजारच्याच भिंतींवर श्रीमंतांच्या मेजवान्यांची चित्रं आहेत, तीही बघा, म्हणजे त्या जागेची किंमत कळते. माझ्याबरोबर आलेले पाहुणे तिथे बोलायचे थांबतात.

वेळ असेल तर चापिंगोलाही जा. शहराच्या पूर्वेला तेस्कोकोजवळ आहे, सान लासारो मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या पूर्वेच्या बसस्थानकावरून गाड्या मिळतात. तिथल्या जुन्या प्रार्थनाघराच्या भिंती आणि छत रिवेराने रंगवलं आहे. विद्यापीठाचं ब्रीद असं आहे, की जमीन कसायला शिकवा, माणसाला पिळायला नाही. २०२२ साली आपल्या लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते तिथे खानखोज्यांचा पुतळाही बसला.

मंत्रालयाच्या इमारतीत जाताना पासपोर्ट किंवा त्याची प्रत जवळ ठेवा, सोमवार टाळा (इथली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात), आणि सामना नसलेल्या दिवशी सकाळीच जा. दुपारी पाऊस आला की अंगणं ओली होतात आणि वरच्या मजल्यावर उजेड कमी पडतो. वर्ध्याहून कुणी येणार असाल, तर मासिकाच्या पत्त्यावर आधी कळवा. मी तुमच्याबरोबर येईन.